आरशासारखे पाणी

मी एक जुना स्पंज आहे, मित्रांनो. भांडी घासायचा नव्हे आणि गाड्या पुसायचाही नव्हे. घरात माशांची काचेची टाकी असते ना, तिच्या कोपऱ्यात एक काळा डबा सारखा घुरघुरत असतो. त्याला फिल्टर म्हणतात. त्या डब्याच्या पोटात मी बसलेला असतो. लोक टाकीसमोर उभे राहून मासे बघतात, झाडे बघतात, बुडबुडे बघतात. मला बघायला कुणी येत नाही. चुकून कुणी बाहेर काढलेच, तर आधी नाक मुरडते. त्यात त्यांची चूक नाही. माझे रूपच तसे आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. मोठ्या साच्यात कसलासा दाट रस ओतला, तो आंबवलेल्या पिठासारखा फुगत वर आला, आणि निवल्यावर त्याची गादीएवढी वडी झाली. तापलेल्या तारेने तिचे तुकडे पाडले. त्यातला एक मी. माझ्या अंगात इतकी बारीक बारीक भोके होती की खरे सांगायचे तर मी म्हणजे नुसती भोकेच. त्यांना एकत्र धरून ठेवण्यापुरता थोडासा स्पंज. त्या वयात मला याची लाज वाटायची.

पुढे मी एका माशांच्या दुकानात खिळ्याला लटकलो. दुकान एका बाईंचे होते. नाकावर जाड भिंगांचा चष्मा, गुडघे सुजलेले, आणि हात सदा ओले. गिऱ्हाईक त्यांना काकू म्हणे. माझ्या शेजारी चकचकीत बरणीत पांढऱ्या चिनीमातीच्या कड्या होत्या, त्यांच्यापलीकडे काट्याकाट्यांचे प्लास्टिकचे चेंडू, आणि खालच्या फळीवर ज्वालामुखीचे लाल दगड. गिऱ्हाईक यायचे ते कड्या उचलायचे, दगडांवरून हात फिरवायचे. मी वर्षभर धूळ खात होतो.

मग एक दिवस ती आली. ठेंगणीशी, पाठीला पिशवी, अंगावर प्रयोगशाळेचा पांढरा कोट. रुग्णालयात लोकांचे रक्त तपासायचे काम करायची. घरचे तिला टिकली म्हणत, हे मला नंतर कळले. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून टिकली. पंचविशी उलटली तरी नाव तेच राहिले.

तिने कड्या पाहिल्या, चेंडू पाहिले, दगड हातात तोलून पाहिले. मग मला खिळ्यावरून काढले, उजेडासमोर धरले आणि माझ्यातून आरपार बघितले.

"काकू, हा घेते. कचराही अडवेल आणि राहायला जागाही देईल."

"सगळे कड्या नेतात गं," काकू म्हणाल्या.

"नेऊ देत. माझी टाकी लहान आहे. मला एकच भाडेकरू-चाळ परवडते."

दोघी हसल्या. मला काहीच कळले नाही. राहायला जागा? कुणाला?

टिकलीचे घर एका चढावरच्या गल्लीत होते. खाली लाँड्री, वर दोन खोल्या. लाँड्री तिच्या आईबाबांची. आई धुवायची, बाबा इस्त्री करायचे. आईचा हात डागांवर असा चालायचा की लांबलांबून लोक कपडे घेऊन यायचे. शाई असो, तेल असो, गंज असो, कपडा उजेडाकडे धरून ती डागाला आधी नीट न्याहाळायची, जणू त्याच्याशी तिचे जुने वैर होते. "डाग म्हणजे काय," ती म्हणायची, "कुणीतरी वेळेवर लक्ष दिलं नाही, एवढंच."

टिकलीने वरच्या खोलीत टाकी मांडली, पाणी भरले, मला डब्यात बसवले आणि मोटर सुरू केली. पण मासे आणलेच नाहीत. एक आठवडा गेला, दुसरा गेला. रोज संध्याकाळी कामावरून आली की ती त्या रिकाम्या टाकीत चिमूटभर खाद्य टाकायची. खाद्य तळाशी जाऊन कुजायचे.

आई कमरेवर हात ठेवून बघत उभी राहायची. "अगं, रिकाम्या टाकीला कसलं खायला घालतेस? उद्या रिकाम्या पाळण्याला अंगाई म्हणशील."

"रिकामी नाहीये, आई. आहेत आत."

"कोण?"

"दिसत नाहीत."

आई तेव्हा हसली होती. पण मित्रांनो, मला तेव्हाच पहिल्यांदा जाणवले. माझ्या भोकांमध्ये कुणीतरी आले होते. पावलांचा आवाज नाही, श्वासाचा आवाज नाही, पण प्रत्येक कोपऱ्यात कुणीतरी बसत होते, पसरत होते, घर करत होते. ते जिवाणू होते. मासे जे टाकतात, खाद्य जे कुजते, त्यातून पाण्यात अमोनिया नावाचे विष होते. त्याला रंग नसतो. माझ्यातले काही जिवाणू ते विष खातात आणि त्याचे दुसरे विष करतात. बाकीचे ते दुसरे विष खाऊन त्याची निरुपद्रवी गोष्ट करतात. मला त्यातले काही करता येत नाही. मी नुसती जागा. सहा आठवड्यांनी मी काळ्याचा तपकिरी झालो, बुळबुळीत झालो, आणि टिकलीने मला हुंगून आईला सांगितले, "आता झाली टाकी तयार."

मग आले पाच गोल्डफिश. सगळ्यात मोठा, जड पोटाचा, कुणालाही वाट न देणारा, तो कलेक्टर. सारखे तोंड चालवणारी ती मावशी. खाद्य पाण्याला टेकायच्या आत झेपावणारी ती घाई. आणि दोन बारक्या, एकीसारखी दुसरी, त्या जुळ्या. संध्याकाळी साडेपाचला जिन्यावर टिकलीची पावले वाजली की पाचही जण दाराकडच्या काचेला नाक लावून उभे राहायचे. "बसा, बसा, उठू नका," असे म्हणत ती आत यायची.

दर दहा दिवसांनी ती टाकीतलेच थोडे पाणी बादलीत काढायची आणि मला त्यात दोनदा हलकेच दाबायची. दोनदाच. गाळ निघून जायचा, राहणारे राहायचे. त्या बोटांची मला इतकी सवय झाली होती की दहावा दिवस मला न मोजता कळायचा. अशी तीन वर्षे गेली. माझ्या आयुष्यातली चांगली वर्षे तीच.

मग एका आठवड्यात टिकलीला ताप आला. साधाच ताप, असे सगळे म्हणाले. चार दिवस ती आतल्या खोलीत झोपून होती. पाचव्या दिवशी तिला खाली उतरवून रुग्णालयात नेले. नवव्या दिवशी आईबाबा दोघेच जिना चढून वर आले.

पुढचे काही दिवस घरात माणसांची ये-जा होती. कुणी खुर्च्या आणल्या, कुणी परत नेल्या. मग तेही थांबले. लाँड्रीचे दार अर्धे उघडे राहू लागले. आणि मित्रांनो, रोज संध्याकाळी साडेपाचला ते पाचही मासे दाराकडच्या काचेपाशी जमत राहिले. जिन्यावर कुणी नसायचे. तरी जमायचे. नाक काचेला लावून, शेपट्या हलवत, वाट बघत राहायचे.

आईने ते चौथ्या दिवशी पाहिले. ती दाराकडे वळून बघायला लागली. बराच वेळ बघत होती. मग ती स्वतः दारात जाऊन उभी राहिली, लेक उभी राहायची तिथे. मासे तिच्याकडे आले नाहीत. ते तिच्या बाजूने, तिच्यामागच्या रिकाम्या जिन्याकडे बघत होते.

दुसऱ्या दिवसापासून आईने घर धुवायला काढले.

तिला दुसरे काय येत होते? पडदे धुतले, चादरी धुतल्या, टिकलीचे पाचही पांढरे कोट धुतले, त्यांच्या कॉलरवरची मळकट रेघ काढली. कपाटाचे खण पुसले. शेवटी उशीचा अभ्रा धुतला, वाळवला, इस्त्री केली, आणि मग तो नाकाशी धरून ती खाटेवर बसली. एकदा हुंगला, पुन्हा हुंगला, उलटा करून हुंगला. मग हाका मारायला लागली.

"अहो! अहो, वर या!"

बाबा धावत वर आले.

"गेला," ती म्हणाली. "वास गेला. नुसता साबण येतोय."

बाबांनी अभ्रा हातात घेतला, हुंगला, आणि म्हणाले, "येतोय गं थोडा." येत नव्हता, हे दोघांनाही कळत होते.

एवढ्यावर तिने थांबायला हवे होते. पण हात थांबले की डोके चालू होते, म्हणून तिने हात थांबवले नाहीत. तिसऱ्या दिवशी ती टाकीकडे वळली. मासे बादलीत काढले. तळाचे खडे चाळणीत घालून धुतले. काच आतून बाहेरून लख्ख केली. जुने पाणी सगळे फेकून दिले. आणि मग काळा डबा उघडून मला बाहेर काढले.

"शी! केवढी घाण ही! पोरीला वेळच मिळत नसेल."

तिने मला दाबले. तपकिरी पाणी तिच्या मनगटावरून वाहिले. त्या तपकिरी पाण्यात तीन वर्षांची वस्ती होती. तिने मला गरम पाण्याच्या नळाखाली धरले. पाणी पिवळट येईपर्यंत दाबले, पांढरे येईपर्यंत दाबले, नितळ येईपर्यंत दाबले. साबण लावला नाही. माशांना साबण चालत नाही एवढे तिला कळत होते. पण नळाच्या पाण्यात जंतू मारायचे औषध असते, आणि माझ्यातले राहणारे जंतूच होते. ते ओरडले नाहीत. त्यांना आवाज नव्हता. एकेक भोक रिकामे होत गेले, आणि मी नुसता बघत राहिलो. मग तिने मला गच्चीत कडकडीत उन्हात चिमट्याने लटकवले, खडखडीत होईपर्यंत.

संध्याकाळी मी परत डब्यात बसलो तेव्हा मी पुन्हा काळा होतो, कारखान्यातून निघालो तेव्हासारखा. टाकी आरशासारखी झाली होती. पाणी आहे की नाही तेच कळत नव्हते. मासे हवेत तरंगल्यासारखे दिसत होते. बाबाही वर येऊन म्हणाले, "वा." आईने पदराने हात पुसले. कितीतरी दिवसांनी ती त्या दिवशी जेवली.

तुम्ही कधी ओळखीच्या घरात शिरून, सगळे सामान जागच्या जागी असताना, तिथे कुणीच नाही असे जाणवून थबकला आहात का? मी माझ्याच अंगात तसा थबकलो होतो. पाणी माझ्यातून जात होते आणि जसे आले तसेच पुढे जात होते. विष येत होते, विष जात होते. मला ते कळत होते. मला काही करता येत नव्हते.

चौथ्या दिवशी मासे वर येऊन तोंड वासायला लागले. त्यांच्या परांवर लाल रेघा उठल्या. पाचव्या दिवशी सकाळी एक जुळी तळाशी पडली होती आणि दुपारी दुसरी. आईने वाकून बघितले. "पाणी तर इतकं स्वच्छ आहे," ती परत परत म्हणत होती. "इतकं स्वच्छ."

बाबांनी मला काढले, टाकीच्याच पाण्यासकट डब्यात भरले, एका बाटलीत वेगळे पाणी घेतले आणि काकूंचे दुकान गाठले. मी तीन वर्षांनी त्या दुकानात परत आलो होतो. खिळा तिथेच होता.

"ताई, मासे मरताहेत," बाबा म्हणाले. "टिकलीची टाकी. फिल्टरमध्ये घालायला चांगलं काहीतरी द्या. जे सगळ्यात चांगलं असेल ते." त्यांनी पांढऱ्या कड्यांची बरणी उचललीसुद्धा.

"थांबा भाऊ. पाणी कसं आहे?"

"आरशासारखं."

काकूंनी चष्मा वर केला. "मग काहीतरी गडबड आहे." बाटलीतले पाणी त्यांनी एका काचेच्या नळीत घेतले, वर औषधाचे थेंब टाकले, नळी हलवून उजेडाकडे धरली. पाणी हळूहळू गडद हिरवे झाले. "हे बघा. हिरवं म्हणजे विष. जितकं गडद तितकं जास्त." मग त्यांनी डबा उघडून मला उचलले, दाबले, हुंगले. "अहो, हा स्पंज तर लाँड्रीतून आल्यासारखा वाटतोय!"

"आमची लाँड्रीच आहे, ताई."

काकू हसायला लागल्या, पण बाबांचा चेहरा बघून थांबल्या. मग स्टुलावर बसल्या आणि समजावून सांगू लागल्या. "हे बघा, ह्या कड्या छान आहेत. आत खूप बारीक छिद्रं, भरपूर जण मावतात. पण पुढे गाळ अडवायला काही नसेल तर चोंदतात. हे चेंडू मोठ्या टाकीला, जिथे पाणी वरून पडतं तिथे. दगडही चालतात. आणि तुमचा हा स्पंज, लहान टाकीला ह्याच्यासारखा नाही. पण भाऊ, ही सगळी नुसती घरं झाली. राहणारे कुठून आणाल? ते विकत मिळत नाहीत असं नाही, बाटल्या येतात. पण माझा भरवसा नाही."

बाबा हातातली बरणी फिरवून बघत होते.

"तुम्ही टिकलीलाच विचारा ना," काकू म्हणाल्या. "तिला हे सगळं माझ्यापेक्षा जास्त कळतं. बऱ्याच दिवसांत आली नाही ती?"

बाबांनी बरणी फळीवर ठेवली. पुसल्यासारखे तिच्या झाकणावरून बोट फिरवले.

"हल्ली फार कामात असते," ते म्हणाले.

"सांगा तिला, काकूंनी आठवण काढलीय."

"सांगतो."

काकू उठल्या, कोपऱ्यातल्या जुन्या टाकीपाशी गेल्या आणि तिच्या फिल्टरमधून एक गाळाने माखलेला स्पंज काढला. कात्रीने त्याचा बोटभर तुकडा कापला आणि माझ्या शेजारी डब्यात ठेवला. "हा ह्याच्याजवळ चिकटवून ठेवा. वाळू देऊ नका, थेट घरी जा. ह्यातले जिवाणू हळूहळू तुमच्या स्पंजात जातील. महिना-दीड महिना लागेल. तोवर रोज थोडं पाणी बदला, आदल्या दिवशी भरून उघडं ठेवलेलं. खायला अगदी कमी. आणि हा स्पंज पुन्हा नळाखाली धरायचा नाही, काय वाटेल ते झालं तरी." औषधाची बाटली आणि नळीही त्यांनी दिली.

आम्ही घरी पोहोचलो तेव्हा मावशी गेली होती. आईने तिला कागदावर ठेवले होते.

"काय म्हणाल्या?" आईने विचारले.

"मोटर कमी पडत होती म्हणे," बाबा म्हणाले.

"आणि हा तुकडा?"

"तो... राहणारे जिवाणू लागतात आत. नळाच्या पाण्याने जातात ते."

आईने माझ्याकडे बघितले. मग स्वतःच्या हातांकडे. गरम पाण्याने आणि सोड्याने बोटांची टोके सुरकुतलेली, पांढरी पडलेली. "म्हणजे मीच," ती म्हणाली. बाबांनी मला तुकड्यासकट टाकीच्या डब्यात बसवले. त्या दिवसानंतर ती टाकीच्या बाजूच्या भिंतीलाही टेकली नाही. खोलीतून जायचे झाले तर पलीकडून जायची, काही सांडेल असे अंग चोरून.

दोन दिवसांनी घाईही गेली. ती सगळ्यात घाई करेल असे टिकली नेहमी म्हणायची. तिने त्या मानाने बरीच कळ काढली. उरला एकटा कलेक्टर. लाल रेघांच्या परांनी एका कोपऱ्यात टेकून, एका कुशीवर कलंडून. पण साडेपाच वाजले की तो कसाबसा सरळ व्हायचा आणि दाराच्या काचेपर्यंत जायचा. एकटाच.

बाबा इस्त्री सोडून रोज वर येत. कालचे भरलेले पाणी तांब्याने घालत, जुने काढत. नळीत थेंब टाकत. हिरवे. पुन्हा हिरवे. पंधरा दिवस हिरवे. मला मात्र शेजारच्या तुकड्यातून काहीतरी येताना जाणवत होते. परके होते ते. त्यांनी टिकलीची बोटे कधी पाहिली नव्हती. तिने रिकाम्या टाकीला घातलेले खाद्य त्यांनी खाल्ले नव्हते. तिच्या काळातले माझ्यात कुणी उरले होते का? अगदी आत, मधोमध, जिथे गरम पाणी पोहोचले नसेल, उन्हाची तिरीप गेली नसेल, तिथे एखाद दुसरा? मित्रांनो, मी स्वतःला खूप चाचपून पाहिले. मला अजूनही माहीत नाही. येणाऱ्यांना मी जागा दिली. जागा देणे एवढेच मला येते.

पाचव्या आठवड्यात एका दुपारी बाबा कपडे पोचवायला गेले होते आणि मोटर घरघरायला लागली. मी गाळाने भरलो होतो; पाणी ओढले जात नव्हते. कलेक्टर वर येऊन तोंड वासू लागला. आई दारात उभी राहून बघत होती. एकदा जिन्यावरून खाली बघून तिने "अहो" अशी हाक मारली. उत्तर आले नाही. मग ती आत आली.

तिने बादलीत टाकीतलेच पाणी काढले. माझा डबा उघडला. मला दोन्ही हातांत घेतले. एकदा दाबले. गाळ निघाला. दुसऱ्यांदा दाबले. पाणी अजून मळकेच होते, आणि तिचे अंगठे तिसऱ्यांदा दाबायला वळलेसुद्धा; आयुष्यभराची सवय ती. पण तिने ते आवरले. मला तसाच, मळका, परत ठेवला आणि कितीतरी वेळ तिथेच जमिनीवर बसून मोटरचा आवाज ऐकत राहिली.

त्यानंतरच्या आठवड्यातली गोष्ट. दुपारची वेळ होती, लाँड्री बंद होती. बाबांनी नळीत थेंब टाकले आणि नळी खिडकीशी धरली. आई त्यांच्यामागे उभी होती.

"हिरवं नाही!" बाबा ओरडले. "अगं, बघ! पिवळं आलं! पिवळं म्हणजे विष नाही! झालं, सुटला बिचारा!"

आईने नळी हातात घेतली. उन्हात ते पाणी स्वच्छ पिवळे चमकत होते. बाबा हसत होते, गेल्या कित्येक दिवसांत पहिल्यांदा. आईने मात्र नळी डोळ्यांजवळ आणली. ती खाटेवर बसली.

"काय झालं?"

"तिचे डोळे," आई म्हणाली. "असेच दिसले होते मला. तिसऱ्या दिवशी. तिला पाणी द्यायला गेले तेव्हा. कडेचं पांढरं... असं पिवळं. मी म्हटलं, पडद्याचा रंग पडलाय. पडदा बाजूला करून बघायला हवं होतं. नाही बघितलं. भीती वाटली मला. डाग म्हटलं की मी उजेडाकडे धरून बघते हो, आणि पोरीचे डोळे मी उजेडाकडे धरून बघितले नाहीत." ती नळी घट्ट धरून बसली होती. "आपण त्याच दिवशी नेलं असतं तर? दोन दिवस आधी?"

बाबांचे हसू गेले होते. ते खिडकीकडे वळले. मग हळूच म्हणाले,

"मलाही दिसले होते."

आईने मान वर केली.

"त्याच संध्याकाळी," बाबा म्हणाले. "मला वाटलं, तुला सांगितलं तर तू घाबरशील. म्हटलं, सकाळी बघू. सकाळी म्हटलं, तापाने असेल. इतके दिवस मी तुझ्यासमोर बसून जेवतोय आणि..." ते तिच्या शेजारी खाली बसले. मोटर घुरघुरत राहिली. आईने त्यांच्या हातातला रुमाल घेतला, आधी त्यांचे तोंड पुसले, मग स्वतःचे.

"काकूंना खरं सांगून या," ती म्हणाली.

"हो," ते म्हणाले. "जाऊ दोघं."

आता मित्रांनो, तुम्हाला एक गोष्ट सांगतो. ती त्या दोघांना माहीत नाही.

त्याच तिसऱ्या दिवशी दुपारी, आई खाली कपडे भिजवत असताना, टिकली अंथरुणातून उठून टाकीपाशी आली होती. भिंतीला धरत धरत. तिने खाद्य टाकले नाही. काचेत स्वतःचा चेहरा बघितला. बोटाने डोळ्याखालची कातडी ओढली, आणि नीट बघितले. रोज दुसऱ्यांचे रक्त तपासणारी मुलगी ती. तिला काय दिसले ते तिला कळले. जिन्यावर आईची पावले वाजली तशी तिने हात खाली घेतला. कलेक्टर समोर येऊन उभा होता. "उद्या सांगू हं, कलेक्टरसाहेब," ती पुटपुटली. "आज आईला खूप कपडे आहेत." आणि जाऊन झोपली.

तिघांनाही दिसले होते. तिघेही एकमेकांना जपत होते. मी ते पाहिले, आणि मला तोंड नव्हते.

मी आता म्हातारा झालो आहे. माझ्या कडा झिजल्या आहेत, दाबले की मी पूर्वीसारखा फुगत नाही. तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी असेल तर त्याला नळाखाली धरू नका, त्याच्याच पाण्यात हलकेच दाबा. मळका दिसला तरी राहू द्या. आणि तुमच्या माणसांपैकी कुणाच्या डोळ्यांत, चालण्यात, जेवणात काही वेगळे दिसले, तर उद्यावर टाकू नका. घाबरतील म्हणून थांबू नका. पडदा बाजूला सारा, आणि त्याच घटकेला विचारा.